कारणाचा रकाना

सेलूच्या सबस्टेशनात एकतीस वर्षं
माझ्या हाताखाली सहा फीडर होते.
मी खटका ओढला की बारा गावांच्या गिरण्या
एका दमात गप्प.
लोक फोनवर आधी शिव्या द्यायचे, मग विनवायचे,
"मुंजाजीमामा, पोरीची हळद चालू हाय, अर्धा घंटा तरी सोडा."
मी म्हणायचो, वरून आदेश आहे.
लॉगबुकातही तेच. वेळ, फीडर, कारण.

आता तारा माझ्याच डोक्यात आहेत.
कानामागून कातडीखाली उतरलेली वायर,
हासळीच्या हाडाखाली एक डबी.
नातू तिथं बोट ठेवून विचारतो,
"आजोबा, हे वाजतं का?"

हैदराबादला मला जागं ठेवूनच आत शिरले.
डॉक्टरीणबाई म्हणाली, हात वर करा.
सात वर्षं हलणारा उजवा हात
थांबला, जसा लाईट गेल्यावर पंखा.
नाही, पंखा हळूहळू थांबतो.
हा एकदम थांबला.
मी रडलो. ती म्हणाली, छान,
आणि आकडा टिपून घेतला.
आकडा माझा, वही तिची.

खाली इतकं, वर इतकं,
दोन खिळे तिनं ठोकून दिलेत,
त्यांच्या मधल्या जागेत माझं राज्य.
आणि रिमोट गयेच्या चंचीत,
सुपारी नि चुन्याच्या डबीशेजारी.
मी ओसरीवर जरा गप्प बसलो की
"उदास दिसूलालेत, वाढवू का?"
अगं, मी नुसता थोरल्या भावाला आठवत होतो.

साडूच्या दहाव्याला दुधनेच्या काठी
कावळा शिवेना, सगळे हात जोडून उभे,
आणि मला हसू फुटलं.
आदल्याच दिवशी दोन पॉइंट वाढवले होते.
ते हसू माझं की त्या दोन पॉइंटांचं?
गया अजून बोलते त्यावरून.
पण कावळा खरंच हसण्यासारखा वागत होता,
एवढं मी लिहून द्यायला तयार आहे.

रझाकभाई खांबावर चढायच्या आधी
मी लाईन बंद करून परमिट द्यायचो.
तो उतरून कागद परत देईपर्यंत
खटक्याला हात नाही, कलेक्टर येऊ दे.
एकदा साहेब ओरडले, चार्ज कर.
मी खटक्यासमोर खुर्ची ओढून बसून राहिलो.

माझ्या डोक्यात माणसं चढली
तेव्हा परमिटावर सही माझीच होती, खरं आहे.
पण हात इतका हलत होता
की ती सही मलाच ओळखू आली नाही.

गयेला म्हणालो, यापुढं विचारल्याशिवाय चार्ज करायचं नाही.
तिनं रिमोट काढून बाजेवर ठेवला.
"घ्या. आन् रात्री मोरीत पडलात तर?"
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
रिमोट परत चंचीत गेला.
फक्त आता ती विचारते
आणि मी बोलेपर्यंत थांबते.
कधी कधी फार वेळ लागतो मला.

दोन सेटिंगं दिलीत.
पहिल्यात हात शांत, पण जीभ जड,
तोंडात ओली गोधडी कोंबल्यासारखी.
दुसऱ्यात जीभ मोकळी आणि कपबशी वाजायला लागते.

काल रात्री पोरीचा फोन आला.
मी गयेला दोन बोटं दाखवली.
दुसरं.
जीभ सुटली. अर्धा घंटा बोललो,
तिच्या नव्या घराच्या वायरिंगबद्दल,
अर्थिंग नीट करून घे म्हणालो, तीनदा.
उजवा हात मांडीवर मासोळीसारखा उडत होता.

नंतर जुनं लॉगबुक काढलं.
आठ चाळीस. फीडर बदलला.
कारण...
पुढं अक्षर उमटेना.
गया म्हणाली, सांगा, मी लिहिते.
म्हटलं, राहू दे.
स्वतः लिहायचं तर पहिल्यावर जावं लागलं असतं,
आणि मला अजून बोलायचं होतं.